स्वस्तातलं व्हॉल्व्ह हेड वाजवून कसं पाहावं

२००६ साली इंग्लंडच्या ऑरेंज कंपनीने ‘टायनी टेरर’ हे व्हॉल्व्ह हेड काढलं, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर (ट्यूबवर) चालणारा, स्वतःचा स्पीकर नसलेला गिटारचा अँप. पत्र्याचा छोटासा खोका, तीन नॉब, दोन ईएल८४ व्हॉल्व्ह आणि १५ वॅट. त्यानंतर अशा छोट्या हेडांची रांगच लागली, आणि आज नवीन नाही तर सेकंडहँड का होईना, व्हॉल्व्हचं हेड बऱ्याच गिटारवाल्यांच्या आवाक्यात आलं आहे. अडचण वाजवून पाहण्याच्या पद्धतीत आहे. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी गेलं की माणूस गेन (आवाज फाडणारा नॉब) पूर्ण उघडतो, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) जेमतेम ठेवतो आणि हातात बसलेल्या चार लिक्स, म्हणजे छोट्या सुरावटी, वाजवतो. यात ऐकू येतो तो फक्त प्रीअँप, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग, आणि तेवढा आवाज एखादं बरं पेडलही देतं. व्हॉल्व्ह हेडसाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते त्यापुढच्या, स्पीकर हलवणाऱ्या पॉवर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी. तेव्हा परीक्षा त्यांची घ्यायची.

जाण्यापूर्वी एक खात्री करून घ्या. खोक्यावर ‘ट्यूब’ लिहिलंय म्हणजे आत सगळं व्हॉल्व्हच आहे असं नसतं. ऑरेंजच्याच ‘मायक्रो टेरर’मध्ये प्रीअँपला एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहे, पुढचा पॉवर भाग मात्र सॉलिड स्टेट, म्हणजे व्हॉल्व्हशिवायचा. ते हेड वाईट नाही, पण ते वेगळं यंत्र आहे. ईएल८४, ईएल३४, ६व्ही६, ६एल६ या पॉवर व्हॉल्व्हांपैकी काही आत दिसलं तर पॉवर भागही व्हॉल्व्हचा आहे असं समजा.

सोबत काय न्यायचं?

स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल. स्पीकरची केबलही घरचीच न्या, कारण हेड आणि कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्याच्या) मध्ये गिटारची केबल लावून ठेवणारे महाभाग दुकानांतही भेटतात. गिटारची केबल बारीक तारेची आणि शील्डवाली असते, स्पीकरला लागणारा करंट तिला झेपेलच असं नाही. शक्य असेल तर कॅबिनेटही आपलंच न्यावं, नाहीतर निदान त्यात आपल्याकडचाच स्पीकर आहे का ते विचारावं. सेलेस्टियन कंपनीच्या व्हिंटेज ३० या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर एका मीटरवर येणारा आवाज) १०० डेसिबल, त्यांच्याच ग्रीनबॅकची ९८. टोनमधला फरक तर याहून मोठा. दुकानातल्या चार स्पीकरांच्या कॅबिनेटवर भरदार वाटलेलं हेड घरच्या एका स्पीकरवर किरकिरं वाटलं, तर दोष हेडचा नाही.

आधी वीज, मग बाकीचं

मागच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. अमेरिकेतल्या भावाने किंवा मावशीने बॅगेतून आणलेलं हेड बहुधा १२० व्होल्टचं असतं, ते सरळ भिंतीत खुपसलं तर फ्यूज उडाला तरच नशीब म्हणायचं. काही हेडांत २३० वर बदलण्याची सोय आत असते. ते काम जाणकार मेकॅनिकचं. तशी सोय नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो घेतानाही हेडच्या पाटीवर ‘५०/६० हर्ट्‌झ’ आहे ना ते बघा. फक्त ६० हर्ट्‌झसाठी बांधलेला अँपचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. स्टेपडाउनमधून अर्थिंगची तार पुढे जाते का, हेही विचारा. प्लग तीन पिनांचाच हवा. तिसरी पिन मोडलेलं हेड कितीही स्वस्त मिळालं तरी तसंच वाजवू नका.

हेड स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नये. आत ३०० व्होल्टच्या वर असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ राहू शकतात.

जोडायचा क्रम

सर्वात आधी कॅबिनेट जोडा, मग बाकी सगळं. व्हॉल्व्ह अँप स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतकं व्होल्टेज चढू शकतं की तो जळतो, आणि स्वस्त हेडात तो बदलण्याचा खर्च हेडच्या किमतीशी स्पर्धा करतो. कॅबिनेट ८ ओहमचं असेल तर हेडमागच्या ८ च्या जॅकमध्ये, १६ चं असेल तर १६ च्या. विकणारा ‘चालतं हो’ म्हणाला तरी आकडा जुळवूनच घ्या.

मग सगळे नॉब शून्यावर. मेन स्विच चालू, स्टँडबाय (व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज रोखणारा स्विच) असेल तर मिनिटभर थांबून तो उघडायचा. एपिफोनच्या पाच वॅटच्या ‘व्हॉल्व्ह ज्युनियर’सारख्या हेडांना स्टँडबाय नसतोच आणि त्याने काही बिघडत नाही.

गिटार न लावता ऐका आणि बघा

ही पाच मिनिटं कोणी देत नाही, आणि सेकंडहँड माल बहुतेक इथेच उघडा पडतो. नॉब शून्यावर असताना हलकी सळसळ आणि किंचित गुणगुण चालते. पण समोरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागेल इतकी हम असेल तर फिल्टर कपॅसिटर (आतली वीज गाळून हम काढणारे भाग) थकले असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा, खोलीतला डिमर आणि ट्यूबलाइट बंद करा. तरीही हम तशीच राहिली तर ती हेडची.

जाळीतून व्हॉल्व्ह दिसत असतील तर दिवा मंद करून बघा. आतली तार केशरी दिसायला हवी. काचेच्या आतल्या बाजूने निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगल्या पॉवर व्हॉल्व्हमध्येही दिसते. पण मधला राखाडी पत्राच लाल होऊ लागला तर ताबडतोब बंद. आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला.

आता गेन थोडा वाढवा आणि प्रीअँपच्या व्हॉल्व्हांवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. जाळीमुळे पोचता येत नसेल तर खोक्यावर मारा. ‘टुक’ ऐकू आलं तर ठीक. घंटेसारखा नाद उठून लांबत गेला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हादरेही आवाजात मिसळतो. १२एएक्स७ बदलायला सोपा, कुठेही मिळणारा (काही कंपन्या त्यालाच ईसीसी८३ म्हणतात). एवढ्यासाठी सौदा मोडू नका, भाव मात्र पाडून मागा.

आता वाजवा

गेन कमी, मास्टर अर्ध्याच्या पुढे. आवाज मोठा होईल, दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. आधी सांगून ठेवलं की बहुतेक जण दहा मिनिटं देतात. ज्याच्या घरी शेजाऱ्यांचा प्रश्न असेल त्याला जवळपासच्या जॅमरूमवर भेटायला बोलवा.

पहिल्यांदा उघडा ई मेजर दणकून वाजवा आणि तो विरेपर्यंत ऐका. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात, आणि आवाज विरताना मध्येच खरखर, तुटकपणा येता कामा नये. मग जाड ई तारेवर पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तार दाबून वाजवणं. स्वस्त हेडात काटकसर होते ती ट्रान्सफॉर्मरवर, आणि तो तोकडा पडला की ती पहिली इथेच कानाला लागते: खालचा स्वर ठोस न येता भसकन पसरतो. ब्लूज वाजवणाऱ्याला तो सैलपणा आवडेलही, मेटलवाल्याला नाही.

यानंतरची चाचणी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. अँपचा आवाज चांगला फाटेपर्यंत गेन वाढवा आणि अँपला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम नॉब दहावरून चारवर आणा. आवाज स्वच्छ व्हायला हवा, पण मेलेला नको. परत वर न्या. मग नॉब आहे तिथेच ठेवून पिक हळू आणि जोरात मारून बघा. बोटांच्या जोराप्रमाणे अँप बदलत असेल तर पैसे योग्य जागी जातायत. चारवर आणल्यावर नुसतीच ब्लँकेटखाली दाबल्यासारखी घुसमट उरत असेल, तर आधी गिटार दुसऱ्या अँपवर लावून बघा, कारण कधीकधी दोष गिटारच्या नॉबमध्ये असतो.

वॅटच्या स्विचबद्दल एक भ्रम. ‘टायनी टेरर’ १५ वरून ७ वर आणता येतं, म्हणून ते फ्लॅटमध्ये चालेल असं लोक धरून चालतात. वॅट निम्मे केल्यावर फरक पडतो जेमतेम ३ डेसिबलचा. कानाला आवाज निम्मा वाटायला वॅट साधारण दहापटीने कमी व्हावे लागतात. १०० डेसिबलच्या स्पीकरवर ७ वॅट म्हणजे एका मीटरवर सुमारे १०८ डेसिबल, सोसायटीचा सेक्रेटरी दारात येण्याइतके. घरी वाजवायचं असेल तर अॅटेन्युएटरचा (हेड आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कमी करणाऱ्या खोक्याचा) खर्च आत्ताच हिशेबात धरा.

वाजवत असतानाच प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, प्रत्येक जॅक हलकेच हलवा. नॉब खरखरला तर क्लीनरने बहुधा सुटतो. पण केबल हलवल्यावर आवाज गेला-आला झाला तर सर्किट बोर्डवरचा जोड सुटला असण्याची शक्यता आहे, आणि तो डाग द्यायला पूर्ण हेड उघडावं लागतं. अर्धा तास तरी चालू ठेवा. थंड असताना नीट चालून तापल्यावर कुरकुरणारी हेडं पुष्कळ असतात.

भाव ठरवताना पॉवर व्हॉल्व्ह शेवटचे कधी बदलले ते विचारा. उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर नव्या जोडीची किंमत वजा करून बोला. कॅथोड बायसच्या हेडात (व्हॉल्व्हचा करंट आपोआप सांभाळला जातो) सारखी जोडी बसवली की झालं. फिक्स्ड बायस (करंट हाताने जुळवावा लागतो) असेल तर मेकॅनिकचे पैसेही त्यात धरा. सौदा झाल्यावर हेड लगेच उचलून गाडीत टाकू नका, व्हॉल्व्ह हाताला गार लागेपर्यंत तिथेच ठेवा. तेवढ्या वेळात विकणाऱ्याकडून मूळ बिल आणि सुटा फ्यूज मागून घ्या.