बॉम्बर स्क्वाड्रनची रोजनिशी वाचायची कशी? रिकाम्या रकान्यापासून सुरुवात करा

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरवाल्यांबद्दल वाचायचं म्हटलं की आपण आधी आकडे शोधतो आणि ते लगेच सापडतातही. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, साधारण १,२५,००० जण विमानातून लढले, त्यातले ५५,५७३ गेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. वाचताना धस्स होतं आणि दहा मिनिटांनी चहा पिताना विसरायलाही होतं, माझं तरी तसंच झालं होतं. मग एकदा एका स्क्वाड्रनच्या (हवाई दलाच्या तुकडीच्या) ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकची, म्हणजे रोजच्या नोंदवहीची, स्कॅन केलेली पानं बघायला मिळाली आणि तेव्हापासून आकडे सोडून मी ती पानंच वाचतो. ती वाचायची कशी हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पहिले दोन महिने तर नुसतं डोकं खाजवत बसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

ही पुस्तकं लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, एअर २७ या मालिकेत, आणि ऑनलाइन डाउनलोड होतात. पहिली चूक सगळे तिथेच करतात, ६१७ नंबरची स्क्वाड्रन उघडतात. धरणं फोडणारी, १६-१७ मे १९४३ च्या रात्री गेलेली, १९ लँकेस्टर बॉम्बर विमानांपैकी ८ परत न आलेली, ५३ माणसं गमावलेली. कहाणी भारीच आहे, पण ती खास कामासाठी उभी केलेली स्क्वाड्रन होती. रोजचं जगणं बघायचंय ना, मग ९, ४४, ५०, १०६ असली एखादी साधी नंबरवाली घ्या, जी आठवड्याला दोन-तीन रात्री गपगुमान जर्मनीला जाऊन यायची. आणि अख्खं युद्ध वाचायला बसू नका. एक महिना घ्या, शक्यतो नोव्हेंबर १९४३ ते मार्च १९४४ मधला, कारण तेव्हा बर्लिनवर लागोपाठ हल्ले चालले होते आणि पानोपानी काहीतरी घडतं. (आपल्याकडे बंगालात सालबनी, दिगरी, धुबुलिया इथून ब्रह्मदेशावर जाणाऱ्या आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) लिबरेटर बॉम्बरच्या स्क्वाड्रन होत्या, त्यांचीही पुस्तकं ह्याच मालिकेत आहेत, पण तो वेगळा विषय.)

आता पानं दोन प्रकारची असतात. फॉर्म ५४० म्हणजे स्क्वाड्रनची डायरी, त्यात हवामान, कोण बदली होऊन आलं, कोणाला मेडल मिळालं, कुठला मोठा साहेब येऊन गेला, फुटबॉलची मॅच झाली का, असलं सगळं. फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणांचा तक्ता, तारीख, विमानाचा नंबर, क्रूची नावं, काम काय, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं आणि शेवटी दोन-तीन ओळींचा शेरा. माझा सल्ला, आधी ५४१ उघडा आणि उतरण्याच्या वेळेचा रकाना वरून खाली बघत जा. सगळीकडे आकडे असतात आणि मधेच एक जागा रिकामी असते किंवा तिथे नुसती रेघ. शेऱ्यात बहुतेक वेळा एवढंच, उड्डाणानंतर काही कळलं नाही, परतले नाहीत. इंग्रजीत फेल्ड टू रिटर्न, त्याचं संक्षिप्त रूप एफटीआर. एका विमानातली सात माणसं एका ओळीत संपतात.

पण थांबा, रिकामा रकाना म्हणजे गेलेच असं लगेच धरू नका. धुक्यामुळे किंवा पेट्रोल संपत आल्यामुळे विमान दुसऱ्याच तळावर उतरलेलं असू शकतं, तसं शेऱ्यात किंवा ५४० मध्ये लिहिलेलं असतं. आणि उलटंही होतं, विमान घरापर्यंत आलं आणि घरीच कोसळलं. १६-१७ डिसेंबर १९४३ ला बर्लिनच्या हल्ल्यात २५ लँकेस्टर तिकडे पडली आणि परत आल्यावर इंग्लंडमधल्या धुक्यात तीसेक आणखी गेली, काही आदळली, काहींमधून क्रूनी सरळ पॅराशूटनी उड्या मारल्या. म्हणून त्या तारखेची दोन्ही पानं शेजारी ठेवूनच वाचा.

तारखेचा घोळ हमखास होतो. रात्रीचा हल्ला दोन तारखांत असतो, ३०-३१ मार्च असा, पण कारकून कधी पहिली तारीख टाकतो कधी दुसरी, आणि थडग्यावर बहुधा दुसरी येते. वेळेचंही तसंच, युद्धात ब्रिटनमधली घड्याळं हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे असायची, त्यामुळे लिहिलेली वेळ ग्रीनिच की तिथली हे आधी ठरवून घ्या, नाहीतर एकाच रात्रीचे दोन कागद जुळत नाहीत आणि आपण उगाच कोणाला तरी खोटं ठरवतो.

थोडे शब्द पाठ करा. गार्डनिंग म्हणजे बागकाम नव्हे, समुद्रात सुरुंग टाकणं, सुरुंगाला ते भाजी म्हणायचे आणि समुद्राच्या प्रत्येक पट्ट्याला झाडापानांची नाहीतर भाज्यांची नावं. निकेल म्हणजे पत्रकं टाकणं. डीएनसीओ म्हणजे काम पूर्ण झालं नाही, इंजिन बिघडलं वगैरे म्हणून मधूनच परत. सेकंड डिकी म्हणजे नवा पायलट जो आपल्या क्रूला नेण्याआधी जुन्या क्रूबरोबर नुसता बघायला जायचा, आणि त्या एका फेरीत गेला तर मागे त्याचे सहा जण बिनपायलटचे उरायचे. आणि स्केअरक्रो, म्हणजे बुजगावणं. क्रू परत येऊन सांगायचे की जर्मन लोक घाबरवायला एक खास गोळा उडवतात, अगदी बॉम्बर फुटल्यासारखा दिसतो. असला गोळा नव्हताच. ते खरंच आपलेच बॉम्बर फुटताना बघत होते. हा शब्द शेऱ्यात दिसला की त्या रात्री किती गेले ते जरूर मोजा.

आता खरं काम. एक मोठा कागद घ्या (एक्सेल चालेल पण कागदावर जास्त कळतं), डावीकडे पायलटांची आडनावं, वर तारखा, आणि जो ज्या रात्री उड्डाणावर गेला त्या रात्री फुली. क्रू पायलटच्या नावानी ओळखायचे कारण सातजण शक्यतो कायम एकत्र असायचे, पायलट, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा), वायरलेस ऑपरेटर, वरचा गनर आणि शेपटीतला गनर. त्यातल्या बहुतेकांना कोणी हुकूम देऊन एकत्र आणलं नव्हतं, ट्रेनिंगच्या वेळी एका हँगरमध्ये सगळ्यांना सोडायचे आणि आपापलं जुळवून घ्या म्हणायचे. लग्नं ठरायला जास्त वेळ लागतो. तीस फेऱ्या झाल्या की एक टूर संपली, मग काही महिने ट्रेनिंगच्या कामावर आराम. तुमच्या कागदावर काही ओळी चार फुल्यांवर थांबतील, काही एकावर. नवे क्रू पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत जास्त मारले जायचे हे मी वाचलेलं होतं, पण स्वतः काढलेल्या तक्त्यात ते दिसतं तेव्हा वेगळंच वाटतं.

थोडा हिशोबही करून बघा. एका रात्री शंभरातली चार विमानं पडतात म्हटलं तर फार वाटत नाही ना? पण तीस रात्री जायचंय. दर वेळी ९६ टक्के वाचायची शक्यता, तीस वेळा गुणली की २९ टक्के उरते. पाच टक्के धरली तर २१ च्या आसपास. आणि न्यूरेंबर्गच्या रात्री, ३०-३१ मार्च १९४४ ला, ७९५ विमानांतली ९५ गेली, म्हणजे जवळजवळ बारा टक्के, त्या दिवशीचं ५४१ बहुतेक स्क्वाड्रनचं उघडा, रिकामे रकाने शोधावे लागत नाहीत.

५४० कंटाळवाणं वाटतं पण रोजचं जगणं तिथेच आहे. पान नुसतं चाळू नका, रद्द झालेल्या रात्री मोजा. एका दिवसाचा क्रम साधारण असा असायचा, सकाळी ग्रुपच्या (अनेक स्क्वाड्रनच्या वरच्या) ऑफिसातून फोन, आज जायचंय, मग बाहेरचे फोन बंद आणि भिंतीवर नावांची यादी. दुपारी विमान थोडं उडवून तपासायचं. कुठे जायचंय हे अजून माहीत नाही, पण ग्राउंड क्रूला पेट्रोलवरून अंदाज यायचा, लँकेस्टरच्या टाक्या पूर्ण २,१५४ गॅलन भरल्या म्हणजे लांबचा पल्ला, बॉम्ब कमी. मग ब्रीफिंग, नकाशावरचा पडदा सरकला की लाल रिबन किती लांब गेलीय ते बघून खोलीत जो आवाज व्हायचा तो व्हायचा. जेवणात अंडं, आणि युद्धातल्या इंग्लंडमध्ये रेशनवर ताजं अंडं म्हणजे चैन, त्यावरून चेष्टा चालायची की तू आला नाहीस तर तुझं अंडं मी खाऊ का. खिसे रिकामे करायचे, गाडीनी विमानापर्यंत जायचं, वाट बघत बसायचं. आणि हे सगळं झाल्यावर हवा बिघडली म्हणून रद्द. ती फेरी तीसमध्ये धरत नाहीत. ५४० मध्ये त्याची एकच ओळ असते, ऑपरेशन कॅन्सल, आणि अशा ओळी एका महिन्यात सातआठ दिसल्या की समजा माणसं कशी पिळून निघाली असतील.

परत आले की रम घातलेला चहा, इंटेलिजन्स ऑफिसरचे प्रश्न, पुन्हा अंडं, झोप. जे आले नाहीत त्यांच्या खोलीत कमिटी ऑफ अॅडजस्टमेंट नावाची माणसं यायची, कपडे, पत्रं, सायकल सगळ्याची यादी करून उचलायची, आणि बऱ्याचदा त्याच संध्याकाळी त्या पलंगावर नवा कोणीतरी. हे ५४० मध्ये नसतं. त्यासाठी एक युक्ती, क्रूमध्ये एखादा ऑस्ट्रेलियन आहे का बघा. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ए ७०५ या मालिकेत त्यांच्या एअर फोर्सच्या मृत आणि बेपत्ता लोकांच्या फायली आहेत, कितीतरी फुकट ऑनलाइन वाचता येतात, आणि त्यात कधीकधी सामानाची यादी, तार, आईवडिलांची पत्रं सगळं सापडतं. मी पहिल्यांदा अशी मोजे-रुमालांची यादी वाचली त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

अजून एक, शेऱ्यात आगी छान लागल्या, किती मैलांवरून दिसत होत्या, असं येतं. वाचताना आपणही विमानातच बसलेले असतो. जुलै १९४३ च्या शेवटी हॅम्बुर्गवरच्या ज्या हल्ल्यांबद्दल असेच शेरे लिहिले गेले त्यांत खाली तीस हजारांहून जास्त माणसं मेली. स्क्वाड्रनच्या पुस्तकात त्यांच्यासाठी रकाना नाही, म्हणून त्या शहराची बाजू वेगळी काढून वाचा.

नावं तपासायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन आणि लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची यादी, दोन्ही ऑनलाइन आहेत. टायपिस्टनी स्पेलिंगं बिनधास्त चुकवलेली असतात, विमानाचे नंबरसुद्धा, त्यामुळे सर्व्हिस नंबरवर भरवसा ठेवा, नावावर नाही. थडगं सापडलं नाही तर इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर शोधा, ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा हवाई दलाच्या वीस हजारांवर लोकांची नावं तिथे आहेत.

आणि महिना संपला म्हणून फाईल बंद करू नका, पुढचे सहा-आठ महिने नुसते चाळा, कारण परतले नाहीत म्हणजे मेलेच असं नव्हतं, ९,८३८ जण कैदेत होते आणि रेड क्रॉसकडून बातमी यायला आठवडे, महिने लागायचे. १०६ स्क्वाड्रनचा नॉर्मन जॅक्सन बघा, फ्लाइट इंजिनिअर, २६-२७ एप्रिल १९४४, श्वाइनफर्ट. स्वतःच्या तीस फेऱ्या झालेल्या, पण क्रूची एक राहिली म्हणून परत गेला. पंखाला आग लागली तर हा उडत्या विमानातून आग विझवायचं नळकांडं घेऊन पंखावर उतरला, भाजला, पडला, जळक्या पॅराशूटनी खाली आला आणि कैदेत गेला. विमान मात्र इतरांसारखंच न परतलेल्यांत. पंखावर काय झालं ते वाचलेले सोबती युद्ध संपल्यावर घरी आले तेव्हा कळलं, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला. तोपर्यंत कागदावर तो दीड वर्ष एका रिकाम्या रकान्यात होता.