स्वस्त आणि महाग पिकअपची तुलना कशी करावी

नवरात्र जवळ येऊ लागले की बडोद्यातील तरुण गिटारवादकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो: आपल्या साध्या इलेक्ट्रिक गिटारवर नामांकित कंपनीचे महाग पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे भाग, बसवले तर आवाज खरोखर सुधारेल का? बाजारात पिकअपचा एखादा संच दीड-दोन हजार रुपयांत मिळतो, तर त्याच जागी बसणाऱ्या एकाच नामांकित हंबकरला (तारेच्या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) त्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. गिटार न पाहता, न मोजता या प्रश्नाचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. मात्र ज्याच्याजवळ साधा मल्टिमीटर, बारीक पेचकस, स्टीलची पट्टी आणि ध्वनिमुद्रणाची सोय आहे, त्याला ते स्वतः काढता येते.

पिकअप म्हणजे मुळात लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते आणि ते दोन हजारांच्या व वीस हजारांच्या पिकअपमध्ये एकच आहे. किमतीतला फरक पडतो तो चुंबकाचा प्रकार, तारेची जाडी व वेष्टन, वेढ्यांची मोजदाद, झाकणाचा धातू, आणि एका नगाची दुसऱ्या नगाशी किती जुळणी आहे यांमुळे. जाहिरातीचा व नावाचा वाटाही त्यात असतो, हे सांगायला नकोच.

आपल्या गिटारवर आज काय बसले आहे, हे प्रथम ओळखावे. सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा, पिकअप उलटा करून पाहिल्यास तळाशी एक किंवा दोन चपट्या, काळसर पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या तर तो सिरॅमिक चुंबकाचा आहे आणि वर दिसणारे सहा खांब नुसते पोलादाचे आहेत. तशा पट्ट्या नसून हे सहा खांबच चुंबक असतील, तर तो बहुधा ॲल्निकोचा, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचा असतो. शंका राहिल्यास मल्टिमीटरची दोन टोके चुंबकाच्या उघड्या भागावर टेकवावीत: ॲल्निको धातू असल्याने त्यातून वीज वाहते, सिरॅमिकमधून वाहत नाही. सिरॅमिक म्हणजे हलका माल, हा समज मात्र सोडून द्यावा. डिमार्झिओ कंपनीच्या सुपर डिस्टॉर्शन या हंबकरमध्ये सिरॅमिक चुंबकच आहे आणि १९७० च्या दशकापासून वादक तो आवडीने वापरत आले आहेत.

यानंतर रोध, म्हणजे तार विजेला करते तो अडथळा, मोजावा. गिटारमध्ये केबल लावून, व्हॉल्यूम व टोन पूर्ण उघडून, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगचे टोक व बाही (टोकामागचा धातूचा भाग) यांमधला आकडा पाहावा. जुन्या धाटणीची सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवते, जुन्या धाटणीचा हंबकर साडेसात ते साडेआठ, आणि जोरकस हंबकर चौदा-सोळाच्या घरात जातो. पण या आकड्यावरून आवाजाची प्रत ठरवणे हा या क्षेत्रातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. तार बारीक वापरली की वेढे तेवढेच असूनही रोध वाढतो, म्हणून मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज असे समीकरण मांडता येत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. जानेवारीच्या सकाळी २० अंशांवर साडेसात किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी आठच्या वर जातो, आणि त्याच्या आवाजात मात्र तेवढा फरक पडलेला नसतो. दोन पिकअपची तुलना करायची तर दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजावेत. आकडा शून्याजवळ असेल किंवा अनंत दाखवत असेल तर पिकअप बिघडलेला आहे किंवा डाग (सोल्डरिंगचा जोड) सुटलेला आहे. या मोजणीचा खरा उपयोग तेवढाच.

नवीन पिकअप मागवण्याआधी जुन्याची उंची लावून पाहावी, कारण जो मंद, गढूळ आवाज पिकअपच्या माथी मारला जातो तो पुष्कळदा चुकीच्या उंचीचा असतो. शेवटच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरावी आणि तारेची खालची बाजू व खांबाचा माथा यांतील अंतर पट्टीने मोजावे. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर, तर ब्रिजजवळच्या (तारा अंगावर जिथे टेकतात त्या बाजूच्या) हंबकरसाठी जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे १.६ मिलिमीटर ही सुरुवात चांगली. नाण्यांची चवड ठेवून अंतर घेण्याची युक्ती काही जण सांगतात, पण आपली आजची बरीच नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, त्यामुळे मोजणीपेक्षा झटापटच अधिक होते. ॲल्निकोचे खांब तारेच्या फार जवळ आले तर चुंबक तारेला ओढून धरतो; जाड तारेवर वरच्या फ्रेटला वाजवताना एकाच सुराच्या जागी दोन सूर भांडत असल्यासारखे ऐकू येतात आणि ट्यूनिंगच बिघडल्याचा भास होतो. स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून प्रत्येक वेळी तोच तुकडा वाजवावा.

दुसरा संशयित म्हणजे पॉट, म्हणजे व्हॉल्यूम व टोनच्या बटणांखालचा कमी-जास्त होणारा रोध. सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओहमचा पॉट लावण्याची पद्धत आहे. पॉट जितका कमी तितका आवाजातला तिखटपणा कमी. स्वस्त गिटारमधील पॉटवर ५०० छापलेले असले तरी प्रत्यक्षात तो ४०० भरू शकतो. डाग सोडवून एकदा मोजला की हंबकर बोथट का वाटत होता हे कधीकधी तिथेच उलगडते, आणि नवीन पॉट शे-दोनशे रुपयांत येतो.

एवढे करूनही समाधान नसेल, तरच नव्या-जुन्याची तुलना मांडावी, आणि ती कानाच्या आठवणीवर कधीही मांडू नये. पिकअप बदलायला तास-दीड तास लागतो. तेवढ्या वेळात आधीचा आवाज नेमका कसा होता हे कोणाच्याही लक्षात राहत नाही, मात्र खर्च केलेले पैसे पक्के लक्षात राहतात. म्हणून जुना पिकअप काढण्यापूर्वीच नव्या तारा चढवून, गिटार ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून) सरळ, कोणताही इफेक्ट न लावता मुद्रित करावी: एक मोकळी कॉर्ड, एक बारीक तारेवरची हळू धून, एक खालच्या तारांवरचा जोरकस रिफ. बदल झाल्यावर त्याच जाडीच्या तशाच नव्या तारांवर, त्याच प्लेक्ट्रमने, त्याच उंचीवर तेच तीन तुकडे पुन्हा वाजवावेत. मग दोन्ही मुद्रणे एकाच ॲम्प-सेटिंगमधून काढून त्यांची पातळी सारखी करावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळी तुलना इथेच फसते, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. शेवटी नावे झाकून एखाद्या मित्राला तुकडे उलटसुलट क्रमाने लावायला सांगावे. सात-आठ वेळा ऐकून दर वेळी महाग पिकअप ओळखता आला, तर फरक खरा आहे. स्वच्छ आवाजात, विशेषतः व्हॉल्यूम थोडा कमी केल्यावर तारांचा वेगळेपणा टिकतो की नाही, इकडे अधिक लक्ष द्यावे. भरपूर डिस्टॉर्शनखाली (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजात) चांगले-वाईट पिकअप बरेचसे सारखेच ऐकू येतात.

बडोद्यातील वादकाला यापुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवाच्या मंचावर किंवा गरब्याच्या मैदानावर गिटार बहुधा मल्टि-इफेक्ट यंत्रामधून थेट मिक्सरमध्ये जाते, आजूबाजूला एलईडी दिवे, डिमर, जनरेटर आणि अर्थिंगची खात्री नसलेल्या लांब वायरी असतात. तिथे सिंगल कॉइल ५० हर्ट्झच्या विजेची घूं पकडते, आणि महागातली सिंगल कॉइलही ती तितकीच पकडते, हे विकत घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडल्यास दिव्यांची चरचर कमी होते, पण ही चुंबकीय घूं त्याने जात नाही. तिच्यावरचा उपाय म्हणजे उलट दिशेच्या दोन कॉइल एकत्र जोडणे, जो गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या रूपाने केला. म्हणून गरब्यात वाजवणाऱ्याने महाग सिंगल कॉइलपेक्षा मध्यम किमतीचा हंबकर किंवा सिंगल कॉइलच्याच मापाचा घूं-रहित पिकअप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी कसोटी नखाने करावी: ॲम्प चालू ठेवून पिकअपच्या झाकणावर हलके टकटक करावे. माइकवर वाजावे तसे ठणठण ऐकू आले तर वेढे मेणात नीट बुडवलेले नाहीत, आणि मोठ्या मॉनिटरसमोर तो पिकअप किंचाळेल. गंमत म्हणजे जुन्या धाटणीचे काही महाग पिकअप मुद्दामच मेणाविना ठेवलेले असतात. घरच्या ॲम्पवर ते सुरेल वाटतात, मैदानात डोकेदुखी होतात.

मागवण्यापूर्वी खांबांमधले अंतर मोजावे. पहिल्या आणि सहाव्या खांबाच्या मध्यांमधील अंतर हंबकरमध्ये सुमारे ५० किंवा ५३ मिलिमीटर असते, आणि ट्रेमोलोच्या (दांड्याने हलणाऱ्या) ब्रिजवर बहुधा ५३ मिलिमीटरचे लागते. संपूर्ण संच घेण्याऐवजी आधी फक्त ब्रिजचा पिकअप बदलावा, कारण फरक तिथेच सर्वाधिक जाणवतो. मात्र दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ, नाकात बोलल्यासारखा आला, तर त्यांचे फेज (आवाजाच्या लहरींची दिशा) उलटे आहेत असे समजावे; झाकण वेगळ्या वायरने अर्थ केलेले असल्यास एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून हे सुटते.

कय्या (सोल्डरिंग आयर्न) हाती घेण्याआधी आतल्या सर्व जोडण्यांचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र काढावे आणि डाग देताना पॉटच्या पाठीवर कय्या काही सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर आतला कार्बनचा पट्टा जळतो. काढलेला जुना पिकअप वायर न कापता, कोणत्या जागेचा आहे ते लिहून ठेवावा. पुढे गिटार विकताना मूळ भाग मागणारे गिऱ्हाईक भेटते, आणि महाग पिकअप काढून दुसऱ्या गिटारवर नेता येतो.