मॅन्युअल गाडीचा लाँच कसा सुधारायचा: सगळा खेळ क्लच सोडण्याचा

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाड्यांनी सुरू होणारी सरळ रेषेतली शर्यत. तिचं अंतर ४०२ मीटर असलं तरी बराचसा निकाल पहिल्या १८ मीटरमध्येच, म्हणजे लाँचमध्ये (गाडी जागेवरून सुटताना) लागतो. या पहिल्या ६० फुटांत ०.१ सेकंद वाचला तर शेवटच्या रेषेवर साधारण ०.१५ ते ०.२ सेकंदांचा फायदा होतो. तेवढाच वेळ इंजिनातून काढायचा तर खिसा चांगलाच हलका होतो. तरीही संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो रीमॅपचा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा. लाँच जमत नसताना वाढवलेला टॉर्क फक्त टायर झिजवतो. आधी पाय तयार करा, मग इंजिनाकडे बघा.

इथे सांगितलेलं सगळं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे: स्विफ्ट, पोलो, सिटी, आय ट्वेंटी. सर्व्हिसिंग झालेलं आहे, ब्रेक चांगले आहेत, हेल्मेट आणि सीटबेल्ट आहे, हे धरूनच चाललो आहे.

जागा

समृद्धी महामार्ग, बायपास, एमआयडीसीतले रुंद रस्ते या सरावाच्या जागा नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की समृद्धीवर मागून १२० च्या वेगाने येणाऱ्याला तुमची थांबलेली गाडी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पूर्ण ताकदीचे लाँच परवानगी घेतलेल्या, रुग्णवाहिका उभी असलेल्या स्पर्धेत किंवा बंद धावपट्टीवरच करायचे. स्पर्धेला एफएमएससीआयची (देशातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेची) मान्यता आहे का, ते नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या.

पायाला सवय लावण्याचा सराव मात्र चालण्याच्या वेगात होतो आणि त्याला थोडी जागा पुरते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची आवारं रिकामी असतात आणि बऱ्याच ठिकाणी काँक्रीटही असतं. मालकाला विचारून जा आणि आधी खराटा मारा. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती वाळून पिठासारखी होते. तिच्यावर चाक फिरलं तर चूक क्लचची होती की जमिनीची, हेच कळत नाही.

टायरमधली हवा

पुढच्या टायरमधली हवा नेहमीच्या ३२ पीएसआयवरून दोन-दोनने कमी करत २६ पर्यंत आणा आणि दर वेळी वेळ मोजा. साध्या रेडियल टायरला २४ च्या खाली नेऊ नका. टायरची बाजू लुळी पडते आणि गाडी रेषेत राहत नाही. मागची हवा कंपनीने दिलेल्या वरच्या मर्यादेवर ठेवा.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब वेगळा धरावा लागतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने वाढते. सकाळी आठला २६ अंशांत भरलेली हवा दुपारी दोनला ४१ अंशांत अडीच-तीन पीएसआयने जास्त दाखवते. म्हणून स्वतःचा गेज जवळ ठेवा आणि प्रत्येक फेरीआधी मोजा. पंक्चरच्या दुकानातल्या मीटरवर विसंबू नका.

बर्नआउट, म्हणजे गाडी जागेवर ठेवून चाकं फिरवत टायर तापवणं, साध्या टायरला जवळजवळ लागतच नाही. हँडब्रेक ओढून दोन सेकंद चाकं फिरवली की धूळ निघते, तेवढं पुरे. स्पर्धेत बर्नआउटसाठी पाणी टाकलेला भाग असेल तर त्याच्या बाजूने जा. टायरच्या खाचांमध्ये भरलेलं पाणी थेट स्टार्टच्या रेषेवर गळतं.

क्लच: बहुतेक लाँच इथे बिघडतात

बहुतेक सल्ले दोनच प्रकारचे असतात. एक म्हणजे ‘आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढव आणि क्लच झटक्यात सोड’. दुसरा म्हणजे ‘हळूहळू सोड’. दोन्ही चुकीचे आहेत आणि त्याचं कारण आकड्यांत आहे.

पहिल्या गिअरमध्ये छोटी हॅचबॅक दर १००० आरपीएमला ताशी ७ ते ८ किलोमीटर जाते. तुम्ही ३००० वर लाँच करता तेव्हा इंजिन २२-२३ च्या वेगाने फिरत असतं आणि गाडी शून्यावर असते. हा फरक कुठेतरी घसरूनच भरून निघतो. क्लचप्लेट घसरेल, नाहीतर टायर घसरेल. तेही झालं नाही तर इंजिनाचे आरपीएम कोसळून गाडी गुदमरेल. क्लच झटक्यात सोडला की घसरण टायरवर जाते. चिकट स्लिक (खाचा नसलेले, शर्यतीचे) टायर असतील तर टायर सुटत नाही आणि तो झटका अॅक्सलला आणि गिअरबॉक्सला बसतो. सीव्ही जॉइंट (अॅक्सलच्या टोकाचा फिरता सांधा) अशाच झटक्याने तुटतो. घसरण क्लचमध्येच ठेवायची, आणि तीही मोजून. साध्या टायरवर गाडीला त्या वेगापर्यंत यायला एक ते सव्वा सेकंद लागतो आणि गाडी तेवढ्यात तीन-चार मीटर जाते. लाँचचं सगळं कौशल्य या सव्वा सेकंदात आहे.

आता पाय कसा चालवायचा ते पाहू. क्लचच्या पेडलचा प्रवास तीन भागांत असतो. तळापासून प्लेट पकडायला लागेपर्यंतचा पहिला भाग रिकामा आहे, तो शक्य तितक्या झटक्यात संपवायचा. त्यानंतरचा दीड-दोन सेंटीमीटरचा टप्पा म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तो. इथे पाय थांबवायचा आणि गाडी वेग घेईल तसा अगदी थोडा-थोडा वर आणायचा. इंजिन आणि गाडीचा वेग जुळला की उरलेलं पेडल पुन्हा झटक्यात सोडायचं. झटपट, थांब, झटपट. ‘हळूहळू सोडणारे’ पहिल्या रिकाम्या भागातच वेळ घालवतात आणि शेवटच्या भागात गरज नसताना प्लेट जाळतात.

हे मांडीने जमत नाही. टाच जमिनीला टेकवा आणि घोटा फिरवून पेडल सोडा. त्यासाठी पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील अशी सीट पुढे घ्या. बूट पातळ तळाचा हवा. पेडलखाली जाड मॅट असेल तर काढून टाका.

जिनिंगच्या आवारात करायचा सराव असा: सपाट जागा, पहिला गिअर, एक्सलेटरला पाय लावायचा नाही. रिकामा भाग झटक्यात सोडून बरोबर त्या जागी थांबा, जिथे बॉनेट किंचित हलतं आणि आरपीएमचा काटा जरासा खाली येतो. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. डोळे मिटूनही पाय त्याच जागी थांबायला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. गाडी बंद पडत असेल तर पाय जागा ओलांडतो आहे.

मग आरपीएम. नॅचरल, म्हणजे टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला ३००० पासून, टर्बो पेट्रोलला २५०० पासून आणि डिझेलला १८०० पासून सुरुवात करा. टायरमधल्या हवेचं एकदा ठरवून टाका. त्यानंतर एका वेळी फक्त एकच गोष्ट, २०० आरपीएम, वर किंवा खाली करा. हवा, आरपीएम आणि पायाची पद्धत एकाच दिवशी बदलणाऱ्याला संध्याकाळी काहीच कळलेलं नसतं.

निदान आरपीएमच्या काट्यावरून होतं. क्लच पकडताच काटा थोडा खाली येऊन तिथेच धरून राहिला आणि मग गाडीबरोबर वर गेला, तर लाँच बरोबर आहे. काटा एकदम उसळला तर चाकं फिरत आहेत: एक्सलेटर थोडा कमी करा, क्लच पुन्हा दाबू नका. पेट्रोल गाडीत काटा १५००-१८०० पर्यंत कोसळला तर हाफ क्लच लवकर सुटला आहे. आरपीएम वाढवण्याआधी पाय अर्धा सेकंद जास्त थांबवून बघा. दहापैकी आठ जण इथे आरपीएम वाढवतात आणि पुढच्या फेरीत चाकं फिरवतात. क्लच पकडायला लागला की एक्सलेटर निम्म्यापर्यंत न्या. पूर्ण दाबायचा तो पेडल पूर्ण सुटल्यावरच.

पाय बरोबर असूनही लाँच दर वेळी वेगळा येत असेल तर हायड्रॉलिक लाइन तपासा. काही गाड्यांत कंपनीच क्लचचं तेल हळू परत यावं म्हणून एक डिले व्हॉल्व्ह बसवते. पाय झटक्यात सुटतो, प्लेट मात्र उशिरा पकडते. तो व्हॉल्व्ह जाणत्या मेकॅनिककडून काढून घ्या, क्लचचं तेल नवीन भरा आणि लाइनमधली हवा काढा. केबलचा क्लच असेल तर फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची ढिलाई) जुळवून घ्या.

लाँचच्या वेळी पुढचं चाक धडधड उड्या मारायला लागलं तर त्याच क्षणी एक्सलेटर सोडा. एक सेकंदही ओढू नका, अॅक्सल अशाच वेळी तुटतो. इंजिनाचे माउंट आणि खालच्या आर्मचे बुश बदलेपर्यंत लाँच बंद.

टू-स्टेप नावाचा इलेक्ट्रॉनिक रेव्ह लिमिटर बसवल्याने पायाचं काम वाचत नाही. तो फक्त लाँचआधी आरपीएम एका जागी धरून ठेवतो.

स्टार्टची रेषा

पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशकिरणात आलं की स्टेजचा दिवा लागतो; तो जेमतेम लागेल इतकंच पुढे जा. पुढचं चाक किरणाच्या बाहेर पडेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही, त्यामुळे ते काही इंच फुकट मिळतात. पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागत असतील तर शेवटचा पिवळा दिसताच क्लच सोडा. हिरव्याची वाट पाहिली की उशीर झालाच. उतार असेल तर हँडब्रेक.

दुसरा गिअर लाल रेषेच्या जरा आधी, सरळ खाली ओढून.

मोजणी

जीपीएसवर चालणारं ड्रॅगीसारखं यंत्र पुरेसं आहे. त्यात एक फूट रोलआउटची, म्हणजे पहिल्या फुटाचा वेळ न धरण्याची सोय असते. ती चालू ठेवा किंवा बंद ठेवा, पण सगळ्या फेऱ्यांना एकच. आज चालू आणि उद्या बंद असेल तर झालेली सुधारणा खोटी असते. ६० फुटांचा आकडाच वहीत लिहा, सोबत हवा, आरपीएम आणि तापमान. साध्या टायरवरची साधी गाडी २.२ ते २.५ सेकंद घेते. २.१ आला तर लाँच उत्तम आहे. एका चांगल्या आकड्यावर खूश होऊ नका. लागोपाठ पाच फेऱ्या ०.०५ सेकंदाच्या आत यायला हव्यात.

दोन लाँचमध्ये किमान दहा मिनिटं जाऊ द्या. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. जळका वास आला तर अर्धा तास थांबा. तापलेली प्लेट वेगळ्या जागी पकडते आणि पायाने शिकलेली जागा बिघडते. दिवसाच्या शेवटी, मोकळी धावपट्टी किंवा बंद जागा असेल तिथे, चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या वेगाला एक्सलेटर पूर्ण दाबून बघा. वेग न वाढता आरपीएम वर गेले तर प्लेट संपली आहे. ती बदलताना प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही सोबतच बदला, गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा द्यावी लागत नाही.