स्कूटर पीयूसीमध्ये नापास होते? या चुका टाळा

पीयूसीमध्ये नापास झालेली स्कूटर गॅरेजमध्ये नेली, की पुष्कळदा सायलेन्सर बदलण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते हा उपाय सर्वांत शेवटी करावा. सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) बहुधा दुसऱ्याच एखाद्या बिघाडामुळे खराब झालेला असतो आणि तो बिघाड तसाच राहिला, तर नवा महागडा कन्व्हर्टरही टिकत नाही.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांमुळे स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतानुसार ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक, पेट्रोलची मात्रा बदलत राहतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळले गेले, तरच कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा लेप कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींवर एकाच वेळी काम करू शकतो.

म्हणूनच इंजिन मिसिंग करत असताना, म्हणजे मधूनमधून पेट्रोल न पेटता झटके देत असताना, ‘चालते आहे तोवर चालवू’ असे म्हणणे सर्वांत घातक ठरते. न जळलेले पेट्रोल गरम कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तेथील तापमान लेप निकामी होण्याइतके वाढते. इंजिन चालू ठेवून स्पार्क प्लगची कॅप काढण्याची जुनी पद्धतही याच कारणासाठी बंद करावी. प्लग बाहेर काढून पाहावा: टोकावर कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे, ओलसर, तेलकट थर असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे. ऑइल जळत असल्यास त्यातील फॉस्फरस कन्व्हर्टरच्या लेपावर साचतो, त्यामुळे आधी पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील तपासावेत.

सायलेन्सर काढून बसवताना जुनेच गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी चकती) वापरणे ही वरवर किरकोळ वाटणारी चूक आहे. फटीतून आत आलेली हवा सेन्सरपर्यंत पोहोचते, ईसीयूला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो आणि तो पेट्रोल वाढवतो. परिणामी अ‍ॅव्हरेज घटते. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागल्यावर बॅटरीची वायर काढून तो घालवण्यापेक्षा स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्यावा.

पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरून घेण्याची सवय पुण्यात सर्रास दिसते. टाकीतील वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये त्यामुळे द्रवरूप पेट्रोल शिरू शकते. पेट्रोल भरल्यानंतर लगेच स्कूटर सुरू व्हायला त्रास देत असेल, तर कॅनिस्टर, त्यातील वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह आणि त्यांच्या नळ्या प्रथम तपासाव्यात.

पीयूसी चाचणी थंड इंजिनावर कधीही करू नये. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला नीट काम करू लागतो. त्यामुळे कोथरूडमधील घरातून निघून कोपऱ्यावरच्याच केंद्रात जाण्याऐवजी स्कूटर आधी दहा-पंधरा मिनिटे सलग चालवावी आणि इंजिन बंद न करता चाचणी करून घ्यावी.