या चुका टाळा: चांगले शब्द वापरूनही आपण माणसं का दुखावतो

शिव्या द्यायच्या नाहीत, खोटं बोलायचं नाही, हे आपल्याला संडे स्कूलपासून सांगितलेलं असतं आणि त्या चुका झाल्या की आपल्यालाच टोचतात. मला आज ज्या चुकांबद्दल लिहायचंय त्या टोचत नाहीत, कारण त्या चांगल्या शब्दांच्या आड बसलेल्या असतात, आणि खरं सांगायचं तर त्या आपण विश्वासी माणसंच जास्त करतो. मीपण केल्यात.

आधी बायबलमधलं एक वचन बघू, इफिसकरांस पत्र 4:29. तुमच्या मुखातून कुजकं भाषण निघू नये असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो. कुजकं म्हणजे मूळ ग्रीकमध्ये 'सॅप्रॉस', आणि हाच शब्द मत्तय 13:48 मध्ये जाळ्यातून वेचून फेकून दिलेल्या खराब माशांसाठी आलाय. आपण इथपर्यंतच वाचतो आणि म्हणतो, मी कुठे घाण बोलते? पण पौल पुढे सांगतो की गरज असेल तसं बोला, उन्नती होईल असं बोला, ऐकणाऱ्याला कृपा मिळेल असं बोला. तिन्ही गोष्टी समोरच्याच्या आहेत! बोलून माझं मन हलकं झालं का, माझा मुद्दा सिद्ध झाला का, हे त्या वचनात कुठेच नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका इथेच होतात, शब्द समोरच्यासाठी आहे असं वाटतं आणि असतो तो आपल्या सोयीसाठी.

दुःखातल्या माणसाला लगेच वचन ऐकवणं

माझ्या एका मैत्रिणीचं बाळ पोटातच गेलं. मी तिला भेटायला गेले, ती पलंगावर बसली होती, मांडीवर बाळासाठी अर्धी विणलेली टोपी होती आणि ती त्या लोकरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मला ते बघवेना. पाच मिनिटंपण झाली नसतील आणि मी म्हणाले, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून चांगल्यासाठीच होतात गं. तिचं बोट थांबलं. ती 'हो' म्हणाली, टोपी उशीखाली सरकवली, आणि मग आम्ही हवापाण्याबद्दल बोललो. ती रडली नाही तर मला वाटलं वचनाने धीर आला. पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी त्या बाळाबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं.

मी म्हणाले ते वचन, रोमकरांस पत्र 8:28, खरंच आहे, त्यात शंका नाही. पण त्याच पत्रात 12:15 पण आहे, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. मला शांतता सहन झाली नाही म्हणून मी वचन पुढे केलं, तिला त्या क्षणी ते हवं होतं म्हणून नाही.

मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र बघा ना, आपण त्यांना नावं ठेवतो पण त्यांची सुरुवात किती सुंदर होती, 7 दिवस आणि 7 रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. बिघडलं ते बोलायला लागल्यावर, आणि त्यांच्या बोलण्यात देवाचं नाव कमी नव्हतं, तरी ईयोब 16:2 मध्ये त्यांना त्रास देणारे सांत्वनकर्ते म्हणतो आणि शेवटी 42:7 मध्ये देवच त्यांच्यावर रागावतो. आणि आपला प्रभू येशू? मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला.

मग करायचं काय, तर बसायचं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरायचं नाही. 'काही लागलं तर सांग' असं म्हणून निघून यायचं नाही कारण दुःखातला माणूस सांगत नाही, त्यापेक्षा 'उद्या मुलांना शाळेतून मी आणते' म्हणायचं. वचनाला वेळ असते, बहुतेक वेळा तो माणूस स्वतःच विचारतो, तेव्हा बोला.

"मी खरं तेच बोलले" म्हणून हात झटकणं

सत्य प्रेमाने बोलायचं (इफिस 4:15) हे आपण सगळे म्हणतो, पण ते दिसतं कसं? शास्ते या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात इस्राएलचा पुढारी गिदोन आहे. इस्राएलातल्याच एफ्राइम वंशाचे लोक तणतणत आले, शत्रू मिद्यानाशी लढायला आम्हाला आधी का बोलावलं नाहीस? गिदोन थेट त्यांची चूक काढू शकला असता. तो म्हणाला की एफ्राइमाचा द्राक्षांचा सरवा, म्हणजे तोडणीनंतर मागे राहिलेली द्राक्षं, आमच्या सगळ्या पिकापेक्षा सरस नाही का, ओरेब आणि जेब हे मिद्यानी सरदार तुमच्याच हाती लागले ना. यात खोटं काहीच नव्हतं, ते सरदार खरंच त्यांनीच पकडले होते. त्याने फक्त सत्याचा कुठला भाग आत्ता बोलायचा ते निवडलं, आणि त्यांचा राग उतरला.

आता शलमोनाचा मुलगा, राजा रहबाम (1 राजे 12). लोकांनी एवढंच मागितलं होतं की जू जरा हलकं कर. म्हाताऱ्यांनी सल्ला दिला, यांच्याशी आज चांगलं बोल, हे कायम तुझे राहतील. त्याने तरुण मित्रांचं ऐकलं आणि म्हणाला, माझ्या बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. त्या एका उत्तराने इस्राएलचे 10 वंश तुटले, आणि ते राज्य परत कधी एक झालं नाही.

तर खरं बोलायच्या आधी स्वतःला विचारा, हे बोलून मला बरं वाटणार आहे का त्याला मदत होणार आहे? आणि चारचौघात बोलणार आहे का एकट्याला गाठून? मत्तय 18:15 मध्ये येशूने पहिली पायरीच ती सांगितलीये, तू आणि तो, दोघंच.

प्रार्थनेचा विषय म्हणून चहाडी

"प्रार्थनेत ठेवा हं, त्यांच्या घरात जरा प्रॉब्लेम चाललाय" आणि मग पुढची 20 मिनिटं तो प्रॉब्लेम. ही चूक फार खोल जखम करते, कारण त्या कुटुंबाने विश्वासाने एकाला सांगितलेलं असतं आणि रविवारी मंडळीत सगळे त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. उपाय साधा आहे, त्या माणसाला विचारा, 'हे ग्रुपवर टाकू का?' नाही म्हणाला तर गुडघ्यावर जा आणि देवाला सांगा, देवाला तपशील आधीच माहीत आहेत. नीतिसूत्रे 26:20 म्हणतं की लाकडं संपली की आग विझते, तर पुढचं लाकूड आपण टाकायचं नाही, बस.

रागात टाईप करणं आणि मस्करीच्या नावाखाली टोचणं

याकोब 3:11 विचारतो, एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघतं का? आज ज्या अंगठ्याने 'आमेन' टाईप होतं त्याच अंगठ्याने दोन मिनिटांनी कोणाला तरी झोडपलेलं असतं. मेसेज लिहा हवं तर, पण पाठवू नका, सकाळी परत वाचा. आणि 'मस्करी केली रे' याबद्दल नीतिसूत्रे 26:18-19 फारच कडक आहे, वाचून बघा. समोरचा हसला नाही तर ती मस्करी नव्हती.

गप्प बसण्याला शांती समजणं

हे उलट टोक. कोणावर अन्याय होतोय, घरात कोणाला रोज पाणउतारा सोसावा लागतोय, आणि आपण 'नको बाई, शांती राहू दे'. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड असं नीतिसूत्रे 31:8 सांगतं. नाथान संदेष्टा गप्प बसला असता तर पाप केलेला दावीद राजा वळला नसता.

'सॉरी, पण...' वाली माफी

शब्द सुटला तर सुटला, परत घेता येत नाही, पण त्याच्या मागे जाता येतं. मत्तय 5:23-24 मध्ये येशू म्हणतो की अर्पण वेदीपुढेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर, म्हणजे प्रार्थनेत देवाकडे माफी मागून भागत नाही, त्या माणसाकडे जावं लागतं. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नाही, त्यात दोष त्याच्या वाटण्यावर ढकललेला असतो. नेमकं काय बोललो ते सांगायचं, 'पण' लावायचा नाही, आणि चारचौघात बोललो असू तर माफीपण त्याच चारचौघात. लगेच माफ कर असा हट्टही नको. आणि मुलांची मागायची, हो, आईबापांनीसुद्धा.

मी त्या मैत्रिणीकडे वर्षभराने गेले. म्हणाले, त्या दिवशी मी वचन बोलले ते तुझ्यासाठी नव्हतं, मला तुझं रडणं झेपणार नव्हतं म्हणून बोलले, माझं चुकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मीपण बोलले नाही. मग ती उठली आणि कपाटातून ती टोपी काढून आणली.