बदलता किनारा आणि सीएनसीवरचं शिल्प: या चुका टाळा

शिल्प बिघडलं की सगळे सीएनसीकडे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या मशीनकडे, बोट दाखवतात. पण गोव्याचा बदलता किनारा, खाण किंवा खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन) हा विषय घेऊन, उपग्रहचित्रं आणि उंचीच्या नकाशांवरून शिल्प करताना घोळ बहुतेक वेळा मशीन सुरू होण्याआधीच झालेला असतो.

सगळ्यांत महागात पडते ती तारखांची चूक. उत्तर गोव्यातल्या मोरजी किनाऱ्याची वाळू पावसाळ्यात समुद्र ओढून नेतो आणि पाऊस सरला की हळूहळू परत आणून टाकतो. त्यामुळे एका वर्षीचं मे महिन्यातलं उपग्रहचित्र आणि दुसऱ्या वर्षीचं ऑक्टोबरमधलं चित्र शेजारी ठेवून ‘किनारा खचला’ असं कोरलंत, तर तुम्ही फक्त ऋतू कोरलात. दोन्ही चित्रं एकाच महिन्यातली घ्या आणि त्या वेळची भरती-ओहोटीही तपासा. सपाट किनाऱ्यावर भरतीची रेघ कितीतरी मीटर आत सरकते. त्यात सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपकाच १० मीटरचा. एक-दोन ठिपक्यांच्या फरकावर शिल्प उभं करू नका.

उंचीची तीच गत. मोफत मिळणारा एसआरटीएमचा (अंतराळातून रडारनं मोजलेल्या उंचीचा) नकाशा फेब्रुवारी २००० मधला, साधारण ३० मीटरच्या चौकटींचा. मोठी खाण त्यात दिसते, खाजनाचा बांध दिसत नाही, मानशीचं (भरती-ओहोटीचं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या वाटेचं) दार तर दूरच. बांध हाच विषय असेल तर ओहोटीला तिथे जा, चहूबाजूंनी फोटो काढून फोटोग्रामेट्रीनं, म्हणजे त्या फोटोंवरून त्रिमितीय आकार काढण्याच्या तंत्रानं, मॉडेल बनवा. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर आकार मिळतो पण माप हरवतं.

मॉडेल काट्याकुट्यांसारखं उभं दिसतंय? आडवी मापं अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली आहे. नकाशा यूटीएम ४३ उत्तर या, आडवी मापंही मीटरमध्ये देणाऱ्या प्रक्षेपणात बदलून घ्या. मॉडेल ज्यात साठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं, म्हणून मीटरमधलं मॉडेल मिलिमीटरमध्ये उघडून तिळाएवढं होतं. कापण्याआधी लांबी-रुंदी वाचाच.

गोव्याची सुमारे १०५ किलोमीटरची किनारपट्टी १०५ सेंटिमीटरवर आणली, तर हजार मीटरहून उंच सोनसोगड डोंगर जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. उंची वाढवावीच लागते. मात्र किती पट वाढवली ते शिल्पाच्या पाटीवर लिहा. पाहणाऱ्याचा तो हक्क आहे.

आता दगड. चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढल्यावर मऊ असतो, हवा लागली की घट्ट होत जातो, म्हणून शक्यतो ताजा कोरा. त्याच्या अंगात छिद्रं आणि लोहाच्या कठीण गाठी असतात. समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषा एक-दोन मिलिमीटरच्या ठेवल्या तर छिद्रं त्या गिळतात आणि बारीक टूल गाठीवर तुटतं. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यातली कातळशिल्पं जाऊन पाहा. बैलांच्या पाठी, ते वर्तुळाकार चक्रव्यूह, सगळ्या रेषा रुंद आणि ठळक. चिऱ्याला काय झेपतं हे त्या माणसांना नेमकं ठाऊक होतं. टूलपाथ (टूल फिरण्याची वाट) आखताना तेवढीच रुंदी धरा.

थ्रीडी प्रिंटला धागे सुटत असतील, नोझलमधून चटचट आवाज येत असेल, तर फिलामेंटनं (प्रिंटरच्या प्लास्टिकच्या तारेनं) दमट हवा शोषली आहे. पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक असेल तर ४५ ते ५० अंशांवर काही तास वाळवा. उघड्यावरच्या कामाला मात्र पीएलए नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. तिथे एएसए हे ऊन सोसणारं प्लास्टिक वापरा. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) पावसाळ्यात फुगतं, ते साच्यापुरतंच ठेवा. खाऱ्या वाऱ्यातल्या बोल्टसाठी ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं, मिठाला जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील मागा.