हॅम्बर्गमध्ये संगीत ऐकायचंय, चित्रं पाहायचीत? या चुका टाळा

हॅम्बर्गचा बेत नकाशा समोर ठेवून आखला की हमखास फसतो. इथे वार आणि घड्याळ आधी बघायचं, नकाशा नंतर.

प्लाझा म्हणजे सभागृह नव्हे

एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह २०१७ मध्ये सुरू झालं. जुन्या गोदामाच्या विटांच्या इमारतीवर काचेची लाट उभी केल्यासारखी ती दिसते. ८२ मीटर लांबीच्या कमानदार सरकत्या जिन्याने ३७ मीटर उंचीवरच्या प्लाझावर, म्हणजे भोवतालच्या उघड्या सज्जावर, जाता येतं, तिथून बंदर छान दिसतं. पण प्लाझाचं तिकीट फक्त त्या सज्जापुरतं असतं. २,१०० आसनांचं मोठं सभागृह आतून पाहायचं तर मैफलीचं किंवा मार्गदर्शित फेरीचं वेगळं तिकीट लागतं. फेरीतही तालीम चालू असली तर सभागृह दाखवतीलच असं नाही.

चुकीच्या इमारतीत पोहोचणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एल्बफिलहार्मोनी आणि शहरातलं जुनं संगीतगृह लाइसहाले या दोन्हींच्या मैफली एकाच संकेतस्थळावर विकल्या जातात. त्यात वाद्यवृंदाच्या नावाने आणखी घोळ होतो: ‘एनडीआर एल्बफिलहार्मोनी ऑर्केस्टर’ हे वाद्यवृंदाचं नाव आहे, जागेचं नव्हे. तिकिटावर जागेचं नाव असतं, ते वाचा. सोबत ‘ग्रोसर झाल’ (मोठं सभागृह) की ‘क्लायनर झाल’ (छोटं) हेही बघा, कारण दोन्ही इमारतींत दोन्ही आहेत. १९०८ मध्ये सुरू झालेली लाइसहाले योहानेस-ब्राम्स-प्लाट्झवर आहे. तिथून एल्बफिलहार्मोनी चालत पंचवीस-तीस मिनिटं. पावणेआठला चूक लक्षात आली तर आठची मैफल हातची गेली.

उशीर झाला तर मधल्या खंडातच आत सोडतात, तेही जमलं तर. कार्यक्रमाला मध्यंतर नसेल तर अख्खी संध्याकाळ बाहेरच. म्हणून एल्बफिलहार्मोनीसाठी यू-३ या मेट्रोच्या बाउमवाल स्थानकावर निदान पाऊण तास आधी उतरा: स्थानकापासून आठ-दहा मिनिटं चालणं, मग फाटक, मग जिना (एकट्या त्या कमानदार जिन्यालाच अडीच मिनिटं लागतात), मग कोट ठेवणं, मग पुन्हा पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्ट विचारा, आहे. मैफलीच्या तिकिटावर ‘एचव्हीव्ही’ (हॅम्बर्गची शहर वाहतूक) छापलं असेल तर शहराच्या गाड्यांचं वेगळं तिकीट काढू नका.

जागा निवडताना

एल्बफिलहार्मोनीच्या मोठ्या सभागृहात रंगमंच मध्यभागी आणि प्रेक्षक चहूबाजूंनी आहेत. वाद्यवृंदासाठी मागच्या बाजूची जागा मजेची, संचालकाचा चेहरा दिसतो. पण गायक किंवा गायिका असेल तर ती बाजू टाळा. मानवी आवाज पुढे फेकला जातो, तुमच्या वाट्याला पाठ येते. पियानोवादकाचे हात बघायचे असतील तर रंगमंचाकडे तोंड करून डावीकडे बसा. आणखी एक: या सभागृहात बारीक आवाजही सगळीकडे पोहोचतो, खोकलासुद्धा. गोळीचा चुरचुरणारा कागद आधीच काढून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेराला सुट्टी असते. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर उलट फायदाच, तेव्हा हॅम्बर्गचा आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव असतो.

सोमवार

कुन्स्टहाले हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद. गुरुवारी मात्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, गर्दी टाळायला ती वेळ चांगली. सोमवारच हाती असेल तर रोज उघडं असणारं बुत्सेरियस कुन्स्ट फोरुम हे कला-प्रदर्शनगृह गाठा.

कुन्स्टहालेत बहुतेक जण जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचा ‘धुक्याच्या सागरावरचा भटक्या’ शोधत येतात. चित्र जेमतेम ९५ गुणिले ७५ सेंटिमीटरचं आहे. भिंतभर असेल या समजुतीने चालत राहिलात तर पुढे निघून जाल. शिवाय ते प्रवासाला जातं: २०२५ च्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात होतं. आधी चौकशी करा. आणि त्याचंच ‘हिमसागर’ वगळू नका. आमच्या मते दोन्हींतलं मोठं चित्र तेच, नुसत्या आकाराने नव्हे.

संगीतकार ब्राम्सचं जन्मघर शोधणं

ते १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. पेटरश्ट्रासेवर आहे ते त्याचं संग्रहालय. गल्ली अठराव्या शतकातली वाटते, पण बरीचशी घरं विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली. जवळच टेलेमान, मेंडेल्सझोन भावंडं आणि मालर या संगीतकारांची दालनं आहेत. तीही सोमवारी बंद.

चर्च ‘नुसतं पाहून’ निघणं

सांक्ट याकोबी चर्चमधला, आर्प श्निटगरने बांधलेला ऑर्गन (नळ्यांतून हवा सोडून वाजणारं भलंमोठं वाद्य) १६९३ चा आहे. युद्धात त्याच्या नळ्या काढून ठेवल्या म्हणून तो वाचला. १७२० मध्ये इथल्या ऑर्गनिस्टच्या (ऑर्गनवादकाच्या) जागेसाठी संगीतकार योहान सेबास्टियान बाखचं नाव होतं; जागा मिळाली ती चर्चला ४,००० मार्क देणाऱ्याला. हा ऑर्गन आजच्या प्रमाण स्वरापेक्षा साधारण एक पूर्ण स्वर वर लावलेला आहे. पेटीच्या भाषेत, काळी एक दाबावी आणि काळी दोन वाजावी. ओळखीची रचना वेगळी वाटली तर दोष कानांचा नाही.

सांक्ट मिखाएलिस या दुसऱ्या चर्चमध्ये दुपारी बाराच्या प्रार्थनेला ऑर्गन वाजतो. तळघरात त्या बाखचा मुलगा, संगीतकार कार्ल फिलिप एमानुएल बाख याची समाधी आहे. मनोऱ्यावरून तुतारीवादक सोमवार ते शनिवार सकाळी दहा आणि रात्री नऊला, रविवारी दुपारी बाराला भजनाची धून वाजवतो, चारही दिशांना, एकेका खिडकीतून. आवाज बारीक आला तर निघू नका. तो दुसऱ्या खिडकीत असतो, तुमच्या बाजूला यायचा असतो.